मुंबईत पक्षी आणि शहरी वन्यजीव पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यात जास्त विचारणा असते ती "कुठे जाऊ?" अशी. मुंबईत मात्र "केव्हा जाऊ?" हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. खाडी, किनारा, जंगल, सोसायटीतली झाडं, सगळीकडे भरती-ओहोटी, ऋतू आणि दिवसाचा प्रहर यांवर पक्षी दिसणं अवलंबून आहे. बहुतेक उत्तरं शेवटी वेळेपाशी येऊन थांबतात, त्याचं कारण हेच.

१. मी अगदी नवखा आहे. सुरुवात कुठून करू?

घराच्या खिडकीतून किंवा जवळच्या बागेतून. सूर्योदयापासून पहिले दोन तास पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात आणि आवाजही तेव्हाच जास्त येतात. एका जागी वीस मिनिटं शांत बसा. भराभर चालत बाग पालथी घालणाऱ्यापेक्षा बसून राहणाऱ्याला जास्त पक्षी दिसतात, कारण दडून बसलेले पक्षी पाच-सात मिनिटांत परत बाहेर येतात.

आधी रोजचे पक्षी नीट ओळखा: घरकावळा, डोमकावळा, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, तांबट, भारद्वाज, कोकिळ, शिंपी, शिंजीर, वेडा राघू, खंड्या, घार, वंचक. हे चौदा पक्षी दोन्ही डोळे आणि दोन्ही कान वापरून पक्के झाले की पंधरावा वेगळा असेल तर आपोआप खटकतो. दुर्मिळ पक्षी ओळखण्याची सगळी तयारी यातच होते.

२. दुर्बीण कोणती घ्यावी? १०×४२ जास्त चांगली ना?

पहिली दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर असतो, १०×४२ मध्ये ४.२. आरेतल्या किंवा बोरिवलीतल्या दाट सावलीत हा फरक लगेच जाणवतो. शिवाय दहा पटीत हाताचा कंपही दहा पट होतो आणि दिसणारं क्षेत्र लहान होतं, त्यामुळे पानाआडचा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो.

खाडीच्या चिखलावरच्या पक्ष्यांसाठी मात्र दुर्बीण अपुरी पडते. तिथे तिपाईवर लावलेला २०-६० पटींचा स्पॉटिंग स्कोप हवा. तोही दुपारी चाळीस पटीच्या वर नेऊन उपयोग नाही, कारण तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि चित्र वितळल्यासारखं दिसतं.

आपल्या हवेत दुर्बिणीचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. जलरोधक, आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण निवडा. पावसाळ्यात ती कातडी पिशवीत किंवा कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा वाळवून घ्या. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर बुरशी लागली आहे. ती वरून पुसून जात नाही, दुर्बीण उघडून साफ करून घ्यावी लागते.

३. मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून नाव सांगितलं. ते धरून चालायचं का?

सूचना म्हणून धरा, निकाल म्हणून नाही. भृंगराज कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. अ‍ॅप त्या नकलेलाच मूळ पक्षी समजतं आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एका झाडावर पाच जाती दाखवतं. शहरात गाड्यांचे हॉर्न, पाळीव पक्षी आणि कुणी तरी फोनवर वाजवलेला पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे कॉलही घोळ घालतात. आवाज ऐकून पक्षी शोधा आणि डोळ्यांनी पाहिल्यावरच नोंदवा. फक्त आवाज ऐकला असेल तर नोंदीत तसं लिहा.

४. वर्षातला सगळ्यात चांगला महिना कोणता?

ज्याला सगळं थोडं थोडं बघायचंय त्याने जानेवारी-फेब्रुवारी निवडावा. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात: धोबी, माशीमार, वटवटे, कुरव (सीगल), तुतवार, चिखल्या, बदकं, दलदल ससाणा. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना विणीचा पिसारा चढू लागतो, त्यामुळे हिवाळ्यात सगळे सारखे करडे दिसणारे तुतवार-चिखल्या तेव्हा ओळखायला सोपे जातात. मे हा राहत्या पक्ष्यांच्या घरट्यांचा महिना. मेअखेर-जूनमध्ये चातक येतो आणि पावश्याची हाक तर दिवसरात्र चालू असते. पावसाळ्याला लोक सुट्टी देतात, ते चुकीचं आहे. का, ते प्रश्न १० मध्ये.

५. फ्लेमिंगो बघायला शिवडीला गेलो, पण लांबवर गुलाबी रेघच दिसली. काय चुकलं?

जवळजवळ नेहमी वेळ चुकलेली असते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो चिखलात, उथळ पाण्याच्या कडेने चरतात. पूर्ण ओहोटीला पाण्याची कड किनाऱ्यापासून खूप आत गेलेली असते, म्हणून पक्षीही आत. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि थवे उठून दुसरीकडे जातात. मधल्या वेळी, म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या साधारण तीन ते दीड तास आधी, चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलतं. तेव्हा तिथे हजर असायला हवं. पाणी उतरतानाही अशीच वेळ मिळते, पण पक्षी तेव्हा विखुरलेले असतात.

शिवडीचा धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोळ्यांत येतो आणि पक्षी काळ्या आकृतींसारखे दिसतात. म्हणून संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान भरती पूर्ण होणारा दिवस निवडा आणि तीन तास आधी पोहोचा, सूर्य पाठीशी राहील. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकातून पूर्वेला उतरून धक्क्यापर्यंत चालत जाता येतं.

भरतीच्या वेळी हेच थवे नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरुळ भागातल्या पाणथळांवर, म्हणजे टी. एस. चाणक्य, एनआरआय संकुल, डीपीएस तलाव इथे विसावतात. तिथे नेमकं उलटं गणित: भरती पूर्ण असतानाच जायचं. सकाळी सात-आठला भरती असेल तर प्रकाशही उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खाडीतला चिखल पूर्ण बुडतो, तेव्हा या जागा भरून जातात. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत पाणी कमी चढतं आणि बरेच पक्षी खाडीतच राहतात.

तिसरा पर्याय ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. उथळ खाडीत पाणी असल्याशिवाय बोट चालत नाही, म्हणून फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात. जागा आधी नोंदवून मगच निघा.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरपासून थवे येतात, फेब्रुवारी ते एप्रिल सर्वाधिक असतात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास बहुतेक निघून जातात. थव्यावर ड्रोन उडवू नका आणि चिखलात उतरून त्यांना उठवू नका. खाडीभोवती विजेच्या तारा आहेत, वर विमानांचा मार्ग आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेत एका रात्रीत तीसहून जास्त रोहित मेले.

६. भरतीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

अपोलो बंदरची भरती-ओहोटी कोष्टकं आणि फोनवरची अ‍ॅप्स आहेतच. पण कोकण किनाऱ्यावर चालत आलेला तिथीचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तेव्हा पूर्ण भरती. दशमीला साडेसात, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक धरून मोजायचं. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि भरती रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांनी.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पक्षी बघायला तो पुरतो. खडकाळ किनाऱ्यावर, म्हणजे हाजी अली, गिरगाव किंवा कार्टर रोडच्या डबक्यांत समुद्री जीव बघायला उतरणार असाल तर मात्र अधिकृत कोष्टकच वापरा, कारण तिथे परतायची वाट बुडू शकते. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की लगेच बाहेर या. शेवाळाच्या खडकावर चप्पल घालून जाऊ नका, पकड असलेले बूट घाला आणि उलटवलेला दगड होता तसा परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी आणि जीव चिकटलेले असतात.

७. मोठा रोहित आणि छोटा रोहित कसा ओळखायचा?

चोच बघा, उंचीवर विसंबू नका. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्याची चोच गडद किरमिजी, लांबून सगळी काळीच वाटते. मोठा अंगाने जास्त पांढरट, छोटा जास्त गुलाबी. खाडीत छोट्यांची संख्या जास्त असते. मधूनमधून दिसणारे मळकट करड्या रंगाचे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून चढतो आणि त्याला काही वर्षं लागतात.

८. पांढरा बगळा म्हणजे बगळाच ना? त्यात किती प्रकार?

शहरात चार-पाच सहज भेटतात. गायबगळा: चोच पिवळी, मान आखूड, विणीच्या काळात डोकं-मान नारिंगी. छोटा बगळा: चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. मोठा बगळा: मान लांब, तोंडाची चीर डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. मध्यम बगळ्यात ही चीर डोळ्याखालीच संपते. वंचक बसलेला मातकट दिसतो आणि उडाला की एकदम पांढरा होतो.

फसवतो तो समुद्री बगळा. तो गडद करड्या रूपात सोपा आहे, पण पांढऱ्या रूपातही असतो आणि तेव्हा छोट्या बगळ्याशी घोटाळा होतो. समुद्री बगळ्याची चोच जाड, थोडी खाली वाकलेली आणि पिवळट-तपकिरी असते. पायांवरचा पिवळा रंग पंजाच्या वरपर्यंत पसरलेला असू शकतो. दोघांच्या मधले दिसणारे पक्षीही भेटतात. खात्री नसेल तर "छोटा किंवा समुद्री बगळा" एवढंच लिहा, ती नोंदही उपयोगाची असते.

९. जंगलातले पक्षी शहरात कुठे दिसतील? आणि बिबट्या?

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. सोमवारी ते बंद असतं, ते लक्षात ठेवा. मुख्य रस्त्याने कान्हेरीपर्यंत जाता येतं, शिलोंड्यासारख्या पायवाटांना वन विभागाची परवानगी लागते. गोरेगावला चित्रनगरीजवळचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र नवख्यांसाठी फार चांगलं, कारण तिथे मार्गदर्शक असतात. ही संस्था १८८३ पासूनची आहे. धारावी-माहीमच्या मिठीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी कचराभूमी होती, आज तिथे हळद्या आणि स्वर्गीय नर्तक दिसतात. भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर खारफुटी आणि मिठागरातले पक्षी एकत्र मिळतात आणि नशीब असेल तर सोनेरी कोल्हाही.

बिबट्या बघायच्या अपेक्षेने जाऊ नका. गेल्या काही वर्षांतल्या कॅमेरा ट्रॅप गणनांत उद्यान आणि आरे परिसरात पन्नासच्या आसपास बिबटे आढळले, तरी तिथे राहणाऱ्यांनाही ते क्वचितच दिसतात. समोर आलाच तर पळू नका, खाली बसू किंवा वाकू नका, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. लहान मूल असेल तर वाकण्याऐवजी एका हाताने त्याला पाठीशी घ्या. बिबट्या इमारतीत शिरला असेल तर गर्दी हटवणं हे पहिलं काम: घेरला गेलेला बिबट्याच हल्ला करतो. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

१०. पावसाळ्यात काही दिसतं का?

मुंबईतले काही सर्वांत सुंदर पक्षी फक्त तेव्हाच दिसतात. नवरंग मेअखेर-जूनमध्ये येतो आणि राष्ट्रीय उद्यान, येऊरच्या जंगलात घरटं करतो. पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तिबोटी खंड्या चिमणीपेक्षा लहान असतो, ओढ्याच्या मातीच्या कडेत बीळ करतो. पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. या दोघांच्या विणीच्या काळात फोनवर कॉल वाजवणं म्हणजे त्यांना घरट्यावरून उठवणं (प्रश्न १४).

दोघेही रात्री प्रवास करतात आणि दिव्यांनी भांबावून काचांवर आदळतात. मे-जूनमध्ये गॅलरीत रंगीत पक्षी गपगार बसलेला सापडला तर प्रश्न ११ पाहा.

दुसरी गोष्ट वादळांची. एरवी भर समुद्रात राहणारे बूबी, नॉडी, काजळी सुरय असे पक्षी नैर्ऋत्येच्या जोरदार वाऱ्याने किनाऱ्यावर फेकले जातात. दोन-तीन दिवस वारा लागून राहिला की पुढच्या सकाळी वर्सोवा, जुहू, मार्वे अशा किनाऱ्यांवर नजर टाका.

११. जखमी पक्षी सापडला. काय करू?

बुटांचा खोका घ्या, पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला. कापूस नको, त्यात नखं अडकतात. पक्ष्यावर टॉवेल टाकून अलगद उचला, खोक्यात ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका: ते श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकणारा पक्षी गुदमरतो. दूध-पाव, भातही नको.

काचेवर आदळलेला पक्षी तासा-दोन तासांत सावरतो. खोका बाहेर, झाडाजवळ नेऊन उघडा, घरात नाही. रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबा. उडाला नाही तर १९२६ ला कळवा किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयात न्या.

काही अपवाद नीट लक्षात ठेवा. बगळा, पाणकावळा, बूबी यांची चोच थेट डोळ्यावर येते, त्यांना चेहऱ्यापासून लांब धरा. किनाऱ्यावर सापडलेला समुद्रपक्षी परत पाण्यात ढकलू नका, तो थकून आणि भुकेने बाहेर आलेला असतो आणि बुडतो. मांजात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा सोडून कापा, जखमेतला भाग डॉक्टर काढतील. वटवाघळाला उघड्या हाताने कधीच स्पर्श करू नका.

१२. झाडावरून पिल्लू पडलंय. घरी आणू?

बहुतेक वेळा नाही. अंगावर पिसं असतील आणि ते फांदीवर पकड घेत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच आहेत. कुत्र्या-मांजरांपासून वाचवायला उंच फांदीवर ठेवा आणि दूर जा, तुम्ही जवळ असेपर्यंत ते येणार नाहीत. उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू शक्य असेल तर घरट्यातच परत ठेवा. माणसाचा वास लागला तर आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे.

कावळे एका ठिपकेदार किंवा काळ्या पिल्लाला भरवताना दिसले तर ते कोकिळेचं पिल्लू असतं. कावळे त्याला मारत नाहीयेत, वाढवताहेत. त्याला सोडवायला जाऊ नका.

१३. बोटीतून सीगलना शेव-गाठी घालतात. त्यात वाईट काय?

कुरव मासे आणि किनाऱ्यावरचे जीव खाणारे पक्षी आहेत. तळलेल्या खारट पदार्थाने पोट भरतं, पोषण होत नाही, आणि एप्रिलपर्यंत त्यांना हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. बोटीभोवती झुंबड उडाली की ते एकमेकांवर आणि दोऱ्यांवर आपटतात. काही न घालताही बोटीमागच्या फेसाळ पाण्यातल्या माशांसाठी ते येतातच.

१४. फोटोसाठी कॉल वाजवला किंवा घुबडाची जागा ग्रुपवर टाकली तर काय बिघडतं?

कॉल ऐकून नर आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला समजतो, चरणं आणि पिल्लांना भरवणं सोडून शोधत फिरतो. शहराजवळच्या एकाच पायवाटेवर दर रविवारी दहा जणांनी हे केलं की तो ती जागा सोडतो.

घुबड दिवसा झोपतं. त्याची जागा पसरली की गर्दी येते, गर्दीमागून कावळे येतात आणि त्याला हुसकावतात. घुबडांची तस्करीही होते. घरटी, घुबडं आणि विसाव्याच्या जागा सांगू नका, फोटोतली स्थाननोंद काढून टाका. घरट्यावर फ्लॅश नको, फोटोसाठी पानं-फांद्या तोडणंही नको: तीच पानं पिल्लांना ऊन आणि घारींपासून वाचवतात. खाडी, बंदर आणि नौदलाच्या हद्दीजवळ सुरक्षा रक्षक अडवू शकतात, ओळखपत्र जवळ ठेवा.

१५. मला दुर्मिळ पक्षी दिसलाय असं वाटतं. नोंद कशी करू?

आधी फोटो घ्या, कितीही खराब असला तरी. मग लगेच, पुस्तक उघडायच्या आत, जे दिसलं तेच लिहा: आकार कुणाएवढा, चोचीचा आकार, पायांचा रंग, पंखावर पट्टा होता की नाही, काय करत होता, किती लांबून, प्रकाश कुठून. पुस्तक आधी बघितलं की न दिसलेल्या खुणाही दिसल्यासारख्या वाटू लागतात.

नंतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. वेगळ्या जातीवर खूण येते आणि परीक्षक तपशील विचारतात. तो अविश्वास नसतो, नोंद टिकावी म्हणून ते विचारतात. संवेदनशील जातींची जागा ई-बर्ड लपवतं, आयनॅचरलिस्ट हे सगळ्या सजीवांच्या नोंदींचं संकेतस्थळही धोक्यातल्या जातींची जागा धूसर करतं.

नोंदीआधी तीन शक्यता तपासा. पहिली, पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी: बजरीगर, कॉकटील, परदेशी मुनिया शहरात भेटतात. पिसं घासलेली आणि माणसाची भीती नसेल तर ही शक्यता दाट. दुसरी, रंगदोष: पांढरा कावळा किंवा पांढरी साळुंकी ही वेगळी जात नसते, डोळे काळे असतील तर ती पूर्ण अल्बिनोही नसते. तिसरी, नेहमीच्या पक्ष्याचं पिल्लू. "गरुड" म्हणून आलेले बरेच फोटो घारीचे निघतात: घारीच्या शेपटीला खाच असते. डोकं-छाती पांढरी, अंग विटकरी आणि शेपूट गोल असेल तर ती ब्राह्मणी घार.

१६. पोपट पाळला तर चालतो का?

नाही. आपल्याकडचे सगळे पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली येतात. घरी असलेला पोपट गच्चीवरून स्वतःहून सोडू नका, बरेचदा त्याला धड उडता येत नाही. वन विभागाला कळवा.

१७. सोसायटी पावसाळ्याआधी झाडं छाटते. परवानगी घेतली तर हरकत नाही ना?

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी झाडापुरती असते. झाडावर वापरात असलेलं घरटं असेल तर वन्यजीव कायदा वेगळा लागू होतो, अंडी किंवा घरटं नष्ट करणं त्यात गुन्हा आहे. आणि छाटणीचे एप्रिल-मे हेच महिने घरट्यांचे असतात.

छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी प्रत्येक झाडाखाली पंधरा मिनिटं उभं राहा. चोचीत काडी किंवा अळी घेऊन एकाच फांदीवर परत परत येणारा पक्षी दिसला तर तेवढी फांदी सोडायला सांगा. राखी धनेश ढोलीत घरटं करतो, मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि फक्त चिरेएवढी फट ठेवते. बाहेरून घरटं दिसतच नाही, नर उंबराची फळं घेऊन खोडाशी येतो तेवढीच खूण. जुनं, पोकळ खोड असेल तर ही वाट बघणं टाळू नका.

वंचक आणि बगळ्यांच्या वसाहती एप्रिल-मेच्या या हिशोबाला अपवाद आहेत. ते पाऊस सुरू झाल्यावर पर्जन्यवृक्षांवर एकत्र घरटी बांधतात आणि सप्टेंबरपर्यंत पिल्लं असतात. जुलैमध्ये घाण आणि वासाच्या तक्रारीवरून केलेल्या छाटणीत एका झाडावरची डझनावारी पिल्लं खाली येतात. अशा झाडाची छाटणी ऑक्टोबरनंतर आणि पुढच्या पावसाआधी करून घ्या, तोवर खालच्या गाड्या हलवा आणि येण्याजाण्याच्या वाटेवर ताडपत्री बांधा.